जांभळीचं दार

टक्.

एवढाच आवाज. स्टीलच्या डब्याचं झाकण बसावं तसा. पण दुपारी दीडला आमच्या घरात जी शांतता असते, तिच्यात तेवढाही पुरतो. लेक जुई नुकती झोपलेली, सासरे अण्णा डोळे मिटून सामायिकाला, म्हणजे जैनांच्या ध्यानाला, बसलेले, आणि कोल्हापुरातल्या अख्ख्या उद्यमनगरातल्या लेथ मशिनी जेवणाच्या सुट्टीत गप्प. मी कणकेचे हात तसेच घेऊन जिन्यात आले आणि वाकून खाली पाहिलं.

तळमजल्यावरच्या आमच्या वर्कशॉपात जांभळी उभी होती आणि तिचं दार दोन बोटं उघडलं होतं. तिच्यापासून दोन पावलांवर माझा नवरा, भरतेश मगदूम, हात पाठीमागे बांधून उभा. उद्घाटनाला आलेल्या पाहुण्यासारखा.

"हात नाही लावला," तो म्हणाला. "आईशप्पथ. नुसता आलो आणि उभा राहिलो."

"बोलू नकोस. दार लाव, मागे जा आणि परत ये."

तो गेला, आला. टक्.

"त्रिशे," तो म्हणाला, "नाद खुळा!"

मी जिन्यातच बसले. जुईच्या दुपारच्या झोपेतला रोजचा सव्वा-दीड तास, असे सहा महिने. त्यातून झालेलं काम ते. हाताला लागलेली कणीक वाळत होती आणि मला रडू येत होतं. आनंदाचंच. हे आधी सांगून ठेवते, कारण हा आवाज पुढे पुन्हा पुन्हा येणार आहे, आणि एके काळी तो आमच्या घरातला सगळ्यात लाडका आवाज होता.

*

जांभळी म्हणजे भरतेशनं घडवलेली गाडी. कारखाना बंद पडून कितीतरी वर्षं झालेल्या एका मोटारीचा सांगाडा त्यानं भंगारातून उचलला, पत्रा ठोकून नव्यानं उभा केला, आत बॅटरी आणि मोटर बसवली आणि वर पिकल्या जांभळाचा रंग दिला. पत्र्याचं काम करणारे उद्यमनगरात पुष्कळ आहेत, पण भरतेशच्या हातोडीखालून निघालेल्या पत्र्यावरून तळवा फिरवला तर तो कुठे अडकत नाही. म्हणून तर त्याला गाडीला हँडल नको होतं.

"एवढा गुळगुळीत पत्रा करायचा आणि त्याला कडी लावायची? नवरीच्या कपाळात खिळा मारल्यासारखं!"

हँडलची भोकं त्यानं वेल्डिंगनं बुजवली, वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरली, घासली, रंगवली. दार कुठे आहे ते शोधावं लागे. आता ते उघडायचं कसं, हा प्रश्न माझ्याकडे आला. आम्ही दोघं एकाच पॉलिटेक्निकचे, तो मेकॅनिकलचा, मी इलेक्ट्रॉनिक्सची. पत्रा त्याचा, वायर माझी, ही लग्नाआधीपासूनची वाटणी. अण्णांसमोर मी त्याला अहो म्हणायची. एरवी भरत्या.

आधी साधा रिमोट केला. दाराच्या आत एक सोलेनॉइड, म्हणजे करंट मिळाला की दांडा आत ओढून घेणारं लोहचुंबक. तो दांडा कुलपाची तार ओढतो, आणि चौकटीत दडवलेला स्प्रिंगचा दट्ट्या दार दोन बोटं बाहेर ढकलतो. काम चोख होतं. पण भरतेशच्या पँटच्या खिशात दोन रिमोट धुतले गेले आणि तिसरा जुईनं तांदळाच्या डब्यात पुरला. चौथ्याच्या वेळी मी हात टेकले आणि 'ठसा' मागवला.

ठसा तेव्हा नुकता सगळीकडे दिसायला लागला होता. बँकेच्या दारात, मोठ्या सोसायट्यांच्या लिफ्टमध्ये. दिसायला नखाएवढी चिप. ती अगदी क्षीण लहरी सोडते, मोबाईलच्या लहरींच्याही कितीतरी पट क्षीण. त्या कपड्यातून जातात, छातीवर आपटतात आणि परत येतात. आपलं हृदय ठोका देतं तेव्हा छातीची कातडी केसाच्या जाडीएवढी हलते. आपल्याला ते कळत नाही, चिपला कळतं. आणि त्या हालचालीला आकार असतो. हृदय नुसतं आवळत नाही, ओला कपडा पिळावा तसं पिळतं. कोणता कप्पा आधी, कोणता मागून, किती पीळ, झडप किती झटक्यानं मिटते; हे प्रत्येकाचं वेगळं. ठोक्यांचा वेग कमीजास्त होतो. पळून आलात, भांडून आलात, घाबरलात, तरी आकार तोच. घाईत केली म्हणून सही दुसऱ्याची होत नाही, तसं.

माणसानं समोर चाळीस सेकंद स्वस्थ उभं राहायचं, की यंत्र त्याचा ठसा घेतं. मग दर वेळी समोरच्या हृदयाला शंभरपैकी गुण देतं. नव्वदच्या वर गेले तर दार उघडतं. मोठ्या माणसाचा ठसा एकदा घेतला की जन्माला पुरतो, असं माहितीपत्रकात लिहिलं होतं. मुलांचा मात्र दर तीन महिन्यांनी घ्यावा लागतो.

"का?" जुईनं विचारलं. ती तेव्हा साडेचार वर्षांची होती.

"तुझं हृदय तुझ्या मुठीएवढं असतं. मूठ वाढली की तेही वाढतं. मग जांभळी गोंधळते, म्हणते ही कोण? मग आपण परत ओळख करून द्यायची."

"देवळात उभी राहतेस तशी उभी राहा," भरतेश तिला म्हणाला. ती छातीवर हात ठेवून, डोळे घट्ट मिटून, श्वाससुद्धा धरून उभी राहिली. चाळीस सेकंदांनी दार टक् करून उघडलं तेव्हा तिची किंकाळी शेजारच्या वर्कशॉपात ऐकू गेली. "हिनं मला ओळखलं! हात न लावता!"

अण्णा खुर्चीवरून बघत होते. "हिची आजी अशीच उभी राहायची मंदिरात," ते म्हणाले. सासूबाईंना मी पाहिलं नाही. भरतेश सहा वर्षांचा असताना, एकतिसाव्या वर्षी त्या गेल्या. वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता, बसल्या जागी. ना दुखणं, ना कण्हणं. पुण्यवान मरण, असं सगळे म्हणाले होते.

"अण्णा, तुमचा ठसा घेऊ?"

"माझ्या काळजात काय आहे ते गाडीला कशाला पाहिजे? मला पळवाट ठेव म्हणजे झालं."

त्यांच्यासाठी मी पुढच्या बंपरखाली एक तार काढून ठेवली. वाकून ओढली की दार उघडतं. अण्णा गुडघे दुखत असतानाही तीच ओढायचे.

*

जूनमध्ये एका संध्याकाळी भरतेश वर आला तो कपाळाला आठ्या घालून. अण्णा उन्हं उतरायच्या आत जेवतात, त्यांचं ताट मी वाढत होते.

"मॅडम, तुमची जांभळी माझ्यावर रुसलीया." वायरिंगची तक्रार असली की मी मॅडम. "तीनदा उभा राहिलो. उघडंना. चौथ्यांदा उघडली."

"तूच काहीतरी... तुम्हीच काहीतरी केलं असेल." अण्णांनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता हसू दाबलं.

मी लॅपटॉप उघडून पाहिलं. जानेवारीत त्याला सत्त्याण्णव गुण मिळायचे. आता अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, अठ्ठ्याऐंशी, नव्वद.

उद्यमनगरात एक रीत आहे. वस्तू बसत नसेल तर ती का बसत नाही असं कुणी विचारत बसत नाही. कानस मारतात. भोक लहान वाटलं तर भोकाला, दांडा जाड वाटला तर दांड्याला. घासत जायचं, बसवून बघायचं, परत घासायचं. बसलं की काम झालं. या रीतीवर इथली हजारो यंत्रं वर्षानुवर्षं चालली आहेत आणि मला तिचा अभिमानच होता. भरतेश त्यात जन्मला होता, मी त्यात सून होऊन आले होते.

"कानस मार की जरा," तो म्हणाला.

मी नव्वदची मर्यादा पंच्याऐंशी केली. कीबोर्डवर दोन आकडे. खालून आवाज आला, टक्, आणि त्याची शीळ.

जुलैत पुन्हा तेच. मी त्याचा नवा ठसा घेतला. आठ-दहा दिवस झकास चाललं आणि गुण पुन्हा उतरायला लागले. मर्यादा पंचाहत्तर.

ऑगस्टमध्ये गाड्यांचं प्रदर्शन होतं. जांभळीभोवती ही गर्दी! भरतेश नवा शर्ट घालून, हात पाठीमागे बांधून ऐटीत पुढे झाला. दार उघडलं नाही. तो मागे सरून परत आला. नाही. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "मगदूम, नावावर कुणाच्या हाय गाडी?" तेवढ्यात जुई त्याच्या पायांमधून पुढे घुसली आणि टक्. मैदानभर हशा पिकला. "लेकीची हाय, लेकीची!" भरतेशही हसला. कानशिलं लाल होईपर्यंत हसला.

घरी आल्यावर तो जिन्यात मध्ये एकदा थांबला. वर येऊन म्हणाला, "अजून थोडी मार."

मर्यादा पासष्ट. जुईचे तीन महिने झाले होते, म्हणून त्याच दिवशी तिचाही नवा ठसा घेतला.

तो जिन्यात थांबायचा हे मी पाहिलं होतं. रात्री दोन उशा घ्यायचा हेही. बूट काढले की घोट्यावर मोज्याची खोल खूण राहायची, ती मी बोटानं दाबून पाहिली होती आणि खळगा भरून यायला वेळ लागला होता. रंगाच्या वाफा, मी म्हणाले. मास्क लावत नाहीस. एका रविवारी मी त्याच्या छातीवर डोकं टेकून पडले होते. कानाखाली धप्, धप्, नेहमीसारखं. "काय म्हणतंय?" त्यानं विचारलं. "कानस मार म्हणतंय," मी म्हणाले, आणि त्याच्या हसण्यानं माझं डोकं हललं.

माणसाच्या कानाला एवढंच ऐकू येतं.

*

सप्टेंबरातला मंगळवार. जुई झोपली होती. सांगलीच्या एका गृहस्थांना अशीच बिनहँडलची गाडी हवी होती आणि एक नासका सेन्सर घेऊन मी दुसऱ्याची गाडी हातात घेणार नव्हते. ठशाच्या कंपनीला फोन लावला. पलीकडे एक तरुण मुलगी होती, संहिता नाव सांगितलं. तिनं तिथूनच आमचं यंत्र तपासलं. पाच मिनिटं गेली.

"सेन्सर ठीक आहे, मॅडम."

"कसा ठीक असेल? माझ्या मिस्टरांचे गुण सत्त्याण्णववरून साठावर आलेत."

"तुमचे किती येतात?"

"शहाण्णव. मुलीचे पंच्याण्णव."

"तेच म्हणतेय मी. सेन्सर बिघडला असता तर सगळ्यांचेच पडले असते ना?"

मग तिचा आवाज खाली आला. "मॅडम, मला हे बोलायची परवानगी नाही. हे वैद्यकीय उपकरण नाही, असं मी तुम्हाला वाचून दाखवायला हवं. ते दाखवलं असं समजा." तिनं श्वास घेतला. "दार बरोबर आहे. माणूस बदललाय."

मी भरतेशचा जानेवारीतला ठसा पडद्यावर घेतला आणि त्यावर कालचा ठेवला. मी विजेची माणूस, हृदयाची नाही. पण रेषा वाचता येतात. जानेवारीतली रेषा ताठ चढून पिळासारखी वळत होती. कालची रेषा अर्ध्या उंचीवर दमली होती. ओला कपडा पिळायला घ्यावा आणि हातात जोरच नसावा, तशी. मधले सगळे ठसे क्रमानं लावले. जिन्याच्या पायऱ्या. प्रत्येक पायरीवर मी मारलेली कानस.

दारानं जूनमध्येच सांगितलं होतं. जुलैत सांगितलं, ऑगस्टमध्ये भर मैदानात सांगितलं. मी दर वेळी दाराचं तोंड बंद केलं होतं.

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात नवीन ओळी उमटल्या. यंत्र त्या क्षणी काय पाहतं आहे ते तिथे दिसतं.

१:५२, भरतेश, ६१, नाकारलं.

१:५२, भरतेश, ५८, नाकारलं.

१:५३, समोर कुणी नाही.

खाली उभा आहे, मी मनात म्हटलं. मग शेवटची ओळ वाचली आणि चक्क सुस्कारा सोडला. कंटाळून गेला पलीकडे. बरं झालं, मला दोन मिनिटं मिळतील. त्याला हे कसं सांगायचं? ओरडायचं की लाडीगोडी लावायची? आजच डॉक्टरकडे न्यायचं, अण्णांना जुईपाशी बसवायचं. मी संहिताचे आभार मानले. गॅसवरचं दूध उतू जायला आलं होतं, ते उतरवलं. जुईच्या अंगावरची गोधडी सारखी केली. डॉक्टरांचा नंबर शोधून कागदावर लिहून घेतला. मग जिना उतरले.

तो जांभळीपाशी कुशीवर पडला होता. उजवा हात वर, दाराच्या पत्र्याला टेकलेला, जिथे हँडल असायला हवं होतं तिथे.

मी धावले. आणि मी जवळ आले तशी जांभळीनं मला ओळखलं. टक्. दार उघडलं आणि त्याच्या खांद्याला लागून थांबलं.

त्या सगळ्या गोंधळात, मी त्याच्या छातीवर दोन्ही तळवे दाबत असताना, अण्णा "भरत्या, भरत्या" म्हणत जिन्यावरून घसरत उतरत असताना, माझ्या डोक्यात एकच गोष्ट वीज चमकावी तशी येऊन गेली. १:५३. समोर कुणी नाही. तो कुठेही गेला नव्हता. इथेच होता, दीड फुटावर. यंत्र हृदय शोधत होतं, आणि त्याला ते सापडलं नव्हतं.

मला खाली यायला सात मिनिटं लागली होती. हे मी नंतर नोंदीत पाहिलं. दोनला ओळ आहे: त्रिशला, ९६, उघडलं.

*

दवाखान्यातल्या डॉक्टर बाई माझ्याच वयाच्या होत्या. त्यांनी मला आणि अण्णांना एका लहान खोलीत बसवलं आणि पाण्याचे ग्लास स्वतः भरले. हृदयाचा स्नायू पातळ पडत, फुगत जाण्याचा आजार, त्या म्हणाल्या. हळूहळू चालतो, आणि मग एक दिवस ठोक्याची लयच तुटते. लवकर कळला तर औषधं आहेत, छातीत बसवायचं लहान यंत्र आहे. "लोक वीस-वीस वर्षं चांगले जगतात," असं त्या बोलून गेल्या आणि माझ्याकडे पाहून थांबल्या.

"काही घराण्यांत तो रक्तातून उतरतो. यांच्या घरात कुणी तरुणपणी, अचानक...?"

मी अण्णांकडे पाहिलं. अण्णा हातातल्या ग्लासाकडे बघत होते.

"भरत्याची आई," ते म्हणाले. "आम्ही तिला पुण्यवान म्हटलं." त्यांनी ग्लास खाली ठेवला. "गावभर सांगितलं, पुण्यवान."

जुईच्या तपासण्या झाल्या. सोनोग्राफीत तिचं हृदय लहान, स्वच्छ, नीट पिळणारं. रक्ताच्या तपासणीत मात्र बापाच्या जनुकातला तोच एका अक्षराचा दोष.

"म्हणजे होणारच?"

"नाही. हा दोष असलेल्या कित्येकांना उभ्या आयुष्यात काही होत नाही. काहींना चाळिशीत होतं, काहींना दहाव्या वर्षी. कुणाला होईल ते आज कुणीच सांगू शकत नाही. दर सहा महिन्यांनी बघत राहायचं. आज ती ठणठणीत आहे, एवढं मी खात्रीनं सांगते."

आज. मी तो शब्द पदराला गाठ मारून घरी आणला.

*

भरतेश गेल्यावर पंधरा दिवसांनी मी उद्यमनगरच्या वर्कशॉपवाल्यांच्या ग्रुपवर चार ओळी लिहिल्या. ठशाचं दार एकाच माणसाला नाकारत असेल तर दाराला कानस मारू नका. माणसाला डॉक्टरकडे न्या. खाली भरतेशच्या रेषांचं चित्र लावलं.

त्या चार ओळी कुठे कुठे गेल्या देव जाणे. इचलकरंजीहून एका सुनेचा फोन आला, लिफ्ट सासूबाईंना घेत नव्हती, तिघा मेकॅनिकांनी लिफ्ट खोलून ठेवली होती. सासूबाईंची झडप बदलली, आता चालत्या-फिरत्या आहेत. एका बँकेतल्या शिपायाचं असंच कळलं. आणि वेगळेही फोन आले. एका कारखान्याच्या साहेबांनी अतिशय गोड आवाजात विचारलं, "ताई, आमच्या गेटवर ठसाच आहे. कुणाकुणा कामगाराचे गुण पडतायत त्याची यादी काढून द्याल का? कायम करण्याआधी बघून घेतलेलं बरं." मी फोन ठेवला. कुणीतरी यादी काढून देणारच, मी नाही तर दुसरं. लोक दारापुढे उभं राहायला घाबरायला लागले आहेत, असं अण्णा बाजारातून ऐकून आले. बँकेच्या दारानं नाकारल्यामुळे मागे फिरलेल्या एका माणसाला त्याच्या बायकोनं तिथेच मिठी मारली म्हणे.

जांभळीवर मी कापड घातलं. पण यंत्र काढलं नाही. का, ते विचारू नका. कदाचित त्यात त्याचे सगळे ठसे आहेत म्हणून. जिना उतरून तिच्या जवळून गेले की कापडाखाली टक् होतं आणि कापड दोन बोटं फुगतं. मी दार लावते आणि पुढे जाते. मर्यादा मी पुन्हा नव्वदवर नेऊन ठेवली आहे. आता त्या आकड्याला माझा हात लागणार नाही, अशी शपथ घेतली आहे.

जुईनं एकदाच विचारलं होतं, बाबांना काय झालं. तिला खोटं सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं. "बाबांचं हृदय बदललं होतं. जांभळीला ते कळलं. आपल्याला नाही कळलं." तिनं मान डोलावली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली. मला वाटलं, तिला फारसं समजलं नाही.

*

आज नोव्हेंबरातली दुपार. अण्णा खोलीत होते, लेथ गप्प होत्या. मी वरच्या खोलीत वायर सोलत बसले होते आणि जुई झोपलेली असल्याचं धरून चालले होते. मग लक्षात आलं की शेजारची गोधडी सपाट आहे.

मी जिन्यात आले. खाली जांभळीवरचं कापड ओढून जमिनीवर टाकलेलं होतं. जांभळासारखा पत्रा तसाच चकाकत होता. आणि त्याच्यापुढे, दोन पावलांवर, जुई. हात पाठीमागे बांधून. हुबेहूब त्याच्यासारखी.

मी थांबले. दाराचा टक् आवाज येईल म्हणून थांबले.

ती मागे सरली. परत दोन पावलं पुढे आली. उभी राहिली. छाती पुढे काढली, जणू जांभळीला जवळून दाखवत होती.

जांभळी गप्प. चौकटीतला नकाराचा लहानसा लाल दिवा लागला आणि विझला.

मी बोटांवर मोजलं. तिचा शेवटचा ठसा प्रदर्शनाच्या दिवशी, ऑगस्टमध्ये. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. तीन महिने उलटून गेले होते. मुलांचा ठसा तीन महिन्यांत जुना होतोच. माहितीपत्रकात तसं लिहिलं आहे. डॉक्टर बाई म्हणाल्या होत्या, ठणठणीत आहे. पण त्याला दोन महिने झाले होते, आणि त्यांनी म्हटलं होतं, आज. वर लॅपटॉप उघडाच होता. नवीन ठसा घ्यायला चाळीस सेकंद लागले असते. दार उघडलं असतं, ती किंचाळली असती, आणि जुन्या-नव्यातला फरक मी पुन्हा एकदा पुसून टाकला असता.

माझा पाय पायरीवरून हलेना. खाली उतरले तर दार मला ओळखेल आणि उघडेल. तेही तिच्यासमोर.

तिनं मान वर करून मला पाहिलं. ती रडत नव्हती. उजव्या हाताची मूठ आवळून तिनं ती डोळ्यांजवळ नेली, उलटसुलट करून नीट निरखली, आणि मग माझ्या दिशेनं उंच धरली, मला तिथून दिसावी म्हणून.

"आई," तिनं विचारलं, "मी मोठी झाले म्हणून ना गं? का बाबांसारखं?"